कुंकवाखालची खिट्टी

माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून आधी ओळख सांगून टाकते. मी खिट्टी. बोअरमधली मोटार वर काढायच्या हातविंचला दात्यांचं एक चाक असतं, त्या चाकावर बसणारा वितीएवढा लोखंडी तुकडा म्हणजे मी. या घडीला आमची विंच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आवळून बांधली आहे, ट्रॉली बारामती मागे टाकून इंदापूरच्या रस्त्याला लागली आहे आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या अंगातून कळ जाते आहे. समोर फळीला टेकून सारजा बसली आहे. मला तिला एक गोष्ट सांगायची आहे. पण मला आवाज नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते. निदान तुम्ही तरी ऐकून घ्या.

एमआयडीसीच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये मी घडले. एका जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून मला कापलं, तापवलं, ठोकलं, कानशीनं माझं टोक घासलं आणि विंचच्या सांगाड्यावर एका खिळीत मला अडकवलं. मागे मला एक वाकडं शेपूट ठेवलं, उचलायला सोपं जावं म्हणून. कारागिरानं हँडल फिरवलं तशी मी दात्यांवरून टक टक करत गेले. त्यानं हँडल सोडलं. चाकानं मागे यायचा प्रयत्न केला आणि मी त्याला अडवलं. तो पहिला हिसका मला अजून आठवतो. आपण कशासाठी आहोत हे इतक्या लवकर फार थोड्यांना कळत असेल.

विंच घ्यायला कन्हेरीचे गेणबा आले होते. आसपासच्या गावांतल्या बोअरच्या मोटारी काढायच्या, दुरुस्त झाल्या की परत सोडायच्या, हा त्यांचा धंदा. बोअरवर तीन पायांचं तिकाटणं उभं करायचं, वर कप्पी, कप्पीवरून विंचचा तारेचा दोर. दोन बाजूंना दोन हँडलं, त्यांवर दोन माणसं: एक झुंबर नावाचा गडी आणि दुसरा गेणबांचा पुतण्या रविराज. गेणबा स्वतः बोअरच्या तोंडाशी बसत. एक पाइप वर आला की खालच्या पाइपाला क्लॅम्प आवळत, म्हणजे सगळं वजन क्लॅम्पवर बसे आणि वरचा पाइप सोडवता येई. तेवढ्या वेळात वजन धरून ठेवायचं ते मी. हँडलवरची माणसं कपाळाचा घाम पुसत, तंबाखू मळत, एकमेकांची टिंगल करत. खोल पाण्यात लटकलेली मोटार, पाइपांची ती सगळी माळ, सगळं माझ्या टोकावर. मला त्याचं ओझं वाटत नसे.

वर काढताना मी सगळ्यांची लाडकी. खाली सोडताना मात्र मी आडवी येते. चाक उलटं फिरवायचं तर मला शेपटाला धरून उचलायला हवं; शेपूट सुटलं की मी आपोआप दात्यात पडते. शिवाय दर पाइपाला आधी थोडं वर घ्यायचं, क्लॅम्प सोडायचा, मग खाली द्यायचं. म्हणजे दर पाइपाला मला एकदा बसवायचं आणि एकदा उचलायचं. एवढाच त्रास.

एवढ्या त्रासाला माणसं कंटाळतात. चहाच्या टपरीवर कितीही वेळ उभी राहतील, पण मला उचलायला लागणारा तो क्षण त्यांना वाचवायचा असतो. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

एक दिवस रविराजनं पेंडीच्या पोत्याची सुतळी घेतली आणि माझं शेपूट सांगाड्याला बांधून टाकलं. मी हवेत.

"आरं, खिट्टी बांधलीस व्हय?" झुंबर म्हणाला.

"ऱ्हाऊ दे की तिला जरा निजलेली. आपलं दंड काय भाड्यानं आणल्यात?"

झुंबर हसला. काम झपाट्यानं उरकलं. मग प्रत्येक मोटार सोडताना सुतळी आली. चाक आवरणारा ब्रेकचा पट्टा झिजून निकामी झाला होता, तो बदलायचं या हंगामावरून त्या हंगामावर ढकललं जात होतं. गेणबांची पाठ विंचकडे असे, त्यांचं सगळं ध्यान बोअरच्या तोंडाशी. त्यांना वाटे, खिट्टी आहेच.

आणि मग कन्हेरीच्याच शिवारात, मोटार खाली देताना, पाइपाचा जोड बोअरच्या आत कुठंतरी अडकला आणि एकदम सुटला. हिसक्यानं रविराजचा हात हँडलवरून निसटला. सगळं वजन एकट्या झुंबरवर आलं. त्यानं सोडायला हवं होतं, पण हातातलं काम सोडून द्यायची त्याला सवय नव्हती. हँडल गर्रकन उलटं फिरलं आणि त्याच्या हातावर आदळलं. कोपर आणि मनगटाच्या मधे त्याचा हात भलतीकडेच वळला.

मी तिथंच होते. वीतभर वर, सुतळीला लटकलेली.

त्या गोंधळात रविराजला झुंबरचा हात बांधायला काहीतरी हवं होतं. त्यानं माझीच सुतळी ओढून काढली, एक फळी घेतली आणि हात फळीला बांधून टाकला. सुतळी निघाली तशी मी चाकावर पडले. मोटार तोवर पार तळाशी गेली होती. झुंबरला दवाखान्यात पोचवून गेणबा परत आले, त्यांनी विंचकडे निरखून पाहिलं, तर मी दात्यात नीट बसलेली.

"खिट्टी तर बसल्याली हाय," ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. "मग हँडल फिरलं कसं?"

रविराज मान खाली घालून उभा होता. तो त्या वेळी बोलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याला झुंबरचा हात दिसत होता, आणि तो हात आपण मोडला हे तोंडातून काढणं त्याला जमलं नाही.

खिट्टी बसलेली असताना हँडल फिरतं, याचा अर्थ गेणबांच्या बायकोनं, बनाबाईंनी लावला. नजर. परवाच कुणीतरी परगावचा माणूस विंचकडे टक लावून बघत होता, हेही त्यांना आठवलं. पुढच्या शनिवारी त्या आंघोळ करून आल्या, विंचसमोर नारळ फोडला आणि काळ्या दोऱ्यात बिब्बा, लिंबू, मिरच्या ओवून आणल्या. बांधायचं कशाला? सगळ्या विंचमध्ये बाहेर आलेलं, दोरा अडकवायला सोयीचं असं एकच काही होतं. माझं शेपूट. त्यांनी दोरा माझ्या शेपटाला बांधला. ट्रॉलीत धक्के बसून लिंबू तुटून पडू नये म्हणून दोऱ्याचे वेढे वरच्या सांगाड्याला दिले आणि गच्च गाठ मारली.

मी पुन्हा हवेत. या वेळी आळसानं बांधलेली नव्हे, मायेनं. सुतळी कधीतरी कुणी काढली असती. या दोऱ्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. अमावस्येपर्यंत तो तसाच राहायचा होता.

झुंबरच्या जागी माणूस मिळेना. तेव्हा त्याची बायको सारजा येऊन गेणबांपुढे उभी राहिली. झुंबरच्या हातात सळई घातली होती, त्याला घास भरवण्यापासून सगळं तिलाच करावं लागे. त्या घरात चालते हात आता तिचे दोनच उरले होते. तरी ती म्हणाली, आबा, मी येते हँडलवर. उसाच्या मोळ्या उचलल्यात मी.

"वयनी, ही मोळी न्हवं," रविराज म्हणाला. "ही उलटी वढती."

"तुझ्यासारख्या उलट्या डोक्याच्या दिराला सरळ केलंय, हिला करायला किती येळ लागतोय."

गेणबा नको म्हणता म्हणता हो म्हणाले. सारजानं पदर खोचला आणि हँडलवर हात ठेवले. ते हात मी जवळून पाहिले. पालथ्या बाजूला उसाच्या पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा. मला तेव्हापासून एकच धास्ती लागली. हे हात मोडता कामा नयेत.

गेणबांची मुलगी संस्कृती डिप्लोमा करून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागली होती. यंत्रांवरची संरक्षणाची जाळी, झाकणं जागेवर आहेत की नाहीत हे बघणं तिचं काम. तिथं ती एक शब्द बोलली की यंत्र थांबे. घरी तिच्या बोलण्यानं चहाचं आधणसुद्धा कुणी उतरवत नसे. पिंपळीच्या कामाला निघायच्या सकाळी ती अंगणात गाडी पुसत होती, तिची नजर माझ्यावर पडली आणि फडकं तिच्या हातातच राहिलं.

"आई, हे कुणी बांधलं?"

"मी. हात लावू नगंस."

"अगं, ही दात्यावर पडायला पायजे. तू तिलाच टांगून ठेवलीस."

"झुंबरचा हात मोडला तवा हुतीच की दात्यावर. काय केलं तिनं?"

सुतळीचं संस्कृतीला ठाऊक नव्हतं. अडली की ती आवाज चढवते. ती वजनाचं बोलली, दात्यांचं बोलली, कारखान्यातले नियम बोलली आणि शेवटी आईला मागासलेली म्हणाली. तो शब्द गेला आणि सगळं बिघडलं. बनाबाई पाठ फिरवून घरात गेल्या. गेणबा म्हणाले, आईला असं बोलतात व्हय, जा तू कामावर. रविराज ट्रॉलीचा दोर आवळत होता. तो दोर आधीच आवळलेला होता.

संस्कृती पाय आपटत गाडीकडे गेली आणि निघून गेली. मी दोऱ्याला लटकत पिंपळीला.

तिथल्या तात्यांच्या बोअरची मोटार जळली होती. गोठ्यात जनावरं पाण्यावाचून हंबरत होती, दुपारची लाईट यायच्या आत नवी मोटार खाली गेली पाहिजे म्हणून तात्या सारखे बांधावर येऊन जात. सारजा आणि रविराज हँडल फिरवू लागले. टक टक नाही. नुसता तारेचा करकर आवाज. पाइप वर आला की गेणबा क्लॅम्प आवळेपर्यंत दोघं दंडाच्या जोरावर वजन धरून उभे. असे बरेच पाइप निघाले. जेवणवेळ झाली तशा बनाबाई भाकरी घेऊन कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आल्या आणि झाडाखाली बसल्या.

तेव्हाच ते झालं. निम्मी माळ बाहेर आली होती. पाइपावर बुळबुळीत गाळ होता, म्हणून गेणबांनी क्लॅम्पचा बोल्ट जास्तच पिळला आणि त्याचे आटे गेले. क्लॅम्प पकडेना.

"धरा," ते मागे न बघता म्हणाले. "सोडू नका. दुसरा बोल्ट बघतो."

दुसरा बोल्ट पेटीच्या तळाशी होता. गेणबांची बोटं पेटीत खडखड करत राहिली. सारजाचे ओठ पांढरे पडले. तिच्या तळव्यांना घाम सुटला होता आणि हँडल केसाएवढं केसाएवढं मागे सरकत होतं. सोडलं तर हँडल उलटं येणार. बाजूला उडी मारावी तर एकट्या रविराजचा झुंबर होणार. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते, चाकापासून वीतभर. मला फक्त पडायचं होतं.

संस्कृतीची गाडी बांधावर येऊन थांबली. कारखान्यात तिचं चित्त लागलं नव्हतं, ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं आणि धावली. पण तिच्याआधी बनाबाई उठल्या आणि माझ्यापुढे हात पसरून उभ्या राहिल्या.

"दोरा तुटला तर काय बी व्हईल," त्या म्हणाल्या. त्या हट्टानं उभ्या नव्हत्या. त्यांना खरोखर वाटत होतं की सारजा त्या दोऱ्यानं तरली आहे.

संस्कृतीनं आपले सगळे शब्द सकाळीच वापरून टाकले होते.

बोलला तो रविराज. हँडलवर छाती टेकवून, दात आवळून.

"काकू, त्या दिशी नजर न्हवती. खिट्टी मी बांधली हुती. सुतळीनं. झुंबरदादाचा हात मी मोडला. तोडा तो दोरा."

गेणबांची पेटीतली खडखड थांबली. सारजानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी शब्द देणार नाही. तिनं हँडल मात्र सोडलं नाही.

"बनाकाकू," ती म्हणाली, "माझं हात सुटत्यात."

बनाबाईंनी तात्यांच्या वैरणीत खोचलेला विळा उपसला. संस्कृती ओरडली, आई, हँडलच्या समोरून नको, मागच्या अंगानं ये. बनाबाई मागून आल्या. विळा एकदाच खसकन ओढला. दोरा तुटला, लिंबू मातीत गेलं, आणि त्याच क्षणी सारजाची बोटं सुटली.

चाक फिरलं. मी पडले. एक दाता माझ्या टोकाखालून निसटला, दुसरा सापडला आणि त्या सगळ्या माळेचा हिसका एकदम माझ्या अंगावर आला. तिकाटणं कुरकुरलं. हँडल सारजाच्या हनुवटीपासून चार बोटांवर थांबलं.

सगळं थांबलं. सारजा आपले रिकामे हात उलटसुलट करून बघत राहिली, जणू ते कुणी तिला परत आणून दिले होते. मग ती खाली बसली आणि रडली. रविराज दूर जाऊन बांधाला तोंड करून उभा राहिला. ती रडून झाल्यावर त्याला म्हणाली, आमच्या घरी चल, आणि तुझ्या दादाच्या तोंडावर सांग. तो गेला, आणि त्यानं सांगितलं.

इथं माझी गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. तुम्हालाही हेच हवं असेल. पण मी तो हिसका झेलला तेव्हा माझ्यात एक आवाज झाला होता. टोकाच्या जरा मागे, खिळीच्या दिशेनं. इतका बारीक की जनावरांच्या हंबरण्यात बुडून गेला. मला तडा गेला आहे.

कुणी बघितलं असतं तर दिसला असता. बनाबाईंनी त्याच संध्याकाळी माझ्यावर हळदकुंकू वाहिलं. हिनं राखलं सारजाला, म्हणाल्या. गेणबांनी माझ्यापुढे डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी तेल लावून पुन्हा कुंकू. मग रोजच. आता तेलाकुंकवाचा जाड थर माझ्या अंगावर बसला आहे आणि तडा त्याच्याखाली आहे.

आणि संस्कृती? तिनं ब्रेकला नवा पट्टा घालायला लावला, नवा क्लॅम्प आणवला, खिट्टी कुणी बांधणार नाही अशी रविराजकडून शपथ घेतली. आईची माफी मागितली. आईनं मला कुंकू लावलं तेव्हा ती आनंदानं बघत उभी राहिली. तिला वाटलं, पटलं यांना. ती जिंकली होती, आणि जिंकल्यावर ती माझ्या जवळ आली नाही. कारखान्यात ती प्रत्येक जाळीला हात लावून बघते. मला तिनं हात लावला नाही, कारण मी आता देवघरातली झाले होते. रागावू तरी कशी? पोर चांगली आहे. घाईची आहे.

सुतळी बांधली ती कंटाळ्यानं. दोरा बांधला तो भीतीनं. कुंकू लावलं ते आनंदानं. तिन्ही वेळा माझ्याकडे लोखंड म्हणून कुणी बघितलं नाही. अहो, मी लोखंड आहे. मी झिजते, तडकते, तुटते. मला तोडायला नजर लागत नाही आणि जोडायला नवस पुरत नाही. एमआयडीसीच्या त्या शेडमध्ये माझ्यासारख्या खिट्ट्या टोपलीत पडलेल्या असतात. त्यातली एक आणा, मला भंगारात टाका. मला वाईट वाटणार नाही. हवं तर जाताना एकदा नमस्कार करा.

आज इंदापूरकडचं बोअर खोल आहे. आजवरच्या कुठल्याही कामापेक्षा आज जास्त वजन माझ्यावर यायचं आहे. सारजा हँडलवर असणार. पिंपळीनंतर तिचा माझ्यावर फार जीव बसला आहे. एक पाइप वर आला की ती हँडल सोडून देते, पदरानं मान पुसते, रविराजला चार शब्द सुनावते. आधी ती घाबरून धरून राहायची, त्या भीतीनं निदान तिचे पाय बाजूला असत. आता ती हँडलच्या अगदी समोर उभी राहते. माझ्या भरवशावर.

ट्रॉलीचा वेग कमी झाला आहे. कच्चा रस्ता लागला. कुणीतरी वाट दाखवायला पुढे आलं आहे, गेणबा उतरून त्याच्याशी बोलत आहेत. सारजा उठली. विंचपाशी आली. माझ्यासमोर तिनं हात जोडले, डोळे मिटले.

डोळे उघड, बाई. तुझ्या पायाशी पाण्याची कॅन आहे. पदराचं टोक भिजव आणि माझ्या तोंडावरचं कुंकू पुसून काढ. कुणी काही म्हणालं तर म्हणू दे. मग टोकाच्या मागे अंगठा फिरव. नख अडकेल. अडकलं की तिथंच थांब, आणि ही विंच खाली उतरवू देऊ नकोस.